खारमढे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खारथडी हे कल्पित जग आहे आणि त्याच्या गोष्टी मी अनेक वर्षांपासून लिहीत आले आहे. त्या गोष्टींमधले खारमढे वाचकांच्या मनात असे काही घर करून बसले की गोष्टी राहतात बाजूला आणि विचारणा होते ती त्याचीच. गावच्या वाचनालयात येणारी मुले विचारतात, खारथडीवर आपले खेळ आणि गोष्टी बेतणारे तरुण विचारतात, आणि एका कृषी सहायकांनी तर मातीतल्या सोडियमचा हिशेब मांडून माझी तासभर उलटतपासणी घेतली. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. कल्पित खारथडी कुठे संपते आणि खरे वऱ्हाड कुठे सुरू होते, हे वाचकाला प्रत्येक ठिकाणी स्पष्ट कळावे याची काळजी मी घेतली आहे.

खारमढे म्हणजे नेमके काय?

खाऱ्या काळ्या मातीत पुरलेले, न कुजलेले आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की वर येणारे मढे म्हणजे खारमढे. ते भूत नव्हे. भुताला देह नसतो आणि वासना असते. खारमढ्याजवळ देह तेवढा उरलेला असतो, आणि वासना म्हणावी अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तहान. त्याला कोणाचा सूड घ्यायचा नसतो, कोणाला झपाटायचे नसते, आपण कोण होतो हे त्याला आठवतही नाही. खारथडीतले लोक रात्री त्याचे नाव घेत नाहीत, ‘तहानलेला’ असे म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त खरे वाटते.

खारथडी प्रत्यक्षात कोठे आहे?

नकाशावर ती नाही, पण जिच्यावरून ती बेतली ती जमीन पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना आहे. सातपुड्यात उगम पावून पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात, उत्तरेकडचा सातपुडा आणि दक्षिणेकडचे अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधोमध, खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथली माती खोल आणि काळी आहे. कापूस, तूर, मूग, ज्वारी आणि हरभरा तिच्यात पिकतो. पण विहीर खणली तर पाणी खारे लागते. ते पाणी पिकाला दिले तर माती आणखी बिघडते, म्हणून पायाखाली पाणी असूनही शेती बहुतेक ठिकाणी आभाळाकडे पाहूनच करावी लागते.

मी याच पट्ट्यात वाढले. आमच्या विहिरीच्या दोराला पांढरा खार चढत असे आणि तो बोटांच्या चिरांत झोंबत असे. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि पाहुणा आला म्हणून घाईघाईने विहिरीच्याच पाण्याचा चहा टाकला तर दूध घालताच तो फाटत असे. नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने भरलेला गोड्या पाण्याचा हंडा घरात ज्या कोपऱ्यात ठेवला जाई, तिथे पायांत चपला घालून जायची आम्हां मुलांना परवानगी नव्हती. खारमढ्याची तहान मला त्या हंड्यापाशी सुचली.

पुरलेला देह कुजत का नाही?

भरभर कुजण्याला ओल लागते, हवा लागते आणि जंतूंना मानवेल अशी माती लागते. खारथडीच्या मातीत या तिन्हींचा मेळ बसत नाही. मीठ पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पातेल्यात पाणी सुटते आणि फोडी आकसतात. देहाचे इथे तेच होते. त्यावर पाऊस पडला की सोडियमयुक्त चिकणमाती फुगून इतकी घट्ट मिटते की खाली हवा पोचत नाही.

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह टिकवण्यासाठी नॅट्रॉन नावाचा खार वापरत असत आणि त्यात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असे. इराणमधील झंजान प्रांतात चेहराबाद येथील मिठाच्या खाणीत १९९३ साली एका प्राचीन पुरुषाचे शीर केस आणि दाढीसकट सापडले, आणि पुढे तिथे आणखीही देह मिळाले. ते कोणी मुद्दाम टिकवलेले नव्हते. खाणीतल्या मिठानेच ते राखले होते.

खारथडीत दहनापेक्षा दफनाची रीत का, असेही काही जण विचारतात. खाऱ्या जमिनीत बाभूळ आणि हिवर सोडले तर झाड म्हणावे असे फारसे वाढत नाही, आणि एक चिता रचायची म्हणजे सबंध पावसाळ्याची चूल थंड ठेवण्यासारखे आहे, हे त्याचे साधे कारण आहे.

मग खारथडीत मेलेला प्रत्येक माणूस खारमढे होतो का?

नाही, फार थोडे होतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. माती खोल असावी लागते. मुरमाच्या किंवा उथळ जमिनीत खारमढे तयार होत नाही. देह मृगाच्या आधी, भर उन्हाळ्यात पुरलेला असावा लागतो, कारण पावसाळ्यात पुरलेला देह वाळण्याआधीच कुजून जातो. तिसरी गोष्ट मात्र मातीची नाही. आपल्याकडे माणूस जायला लागला की घरचे त्याच्या तोंडात पाणी घालतात. गंगाजल आणि तुळशीपत्र नसले तरी चमचाभर साधे पाणी तरी घालतातच, आणि ते घालायला आपण वेळेवर पोचलो नाही ही खंत माणसे जन्मभर बाळगतात. ज्याला ते चमचाभर पाणी मिळाले नाही, तोच खारमढे होतो. वावरात एकटाच गेलेला, दुष्काळात गाव सोडून निघालेला आणि वाटेत पडलेला, किंवा ज्याच्या उशाशी सगळे घर बसले होते पण द्यायला घरात पाणीच नव्हते, असे हे लोक असतात. वाचकांना वाटते त्याप्रमाणे पापी किंवा दुष्ट माणूस खारमढे होतो, असा नियम खारथडीत नाही. मी तो कधीच आणणार नाही.

ते दिसते कसे?

जिवंतपणी होता त्याहून देह बराच लहान आणि हलका झालेला असतो. कातडी तळ्याच्या आटलेल्या गाळासारखी, बारीक बारीक खपल्यांची असते आणि खपल्यांच्या सांध्यांतून खार फुललेला असतो. सांध्यांमधले स्नायू गेलेले असतात आणि त्यांच्या जागी मिठाचे खडे धरलेले असतात, म्हणून चालताना वाळलेल्या तुराट्यांची मोळी ओढत न्यावी तसा आवाज येतो. ओठ मिठाने सांधलेले असतात. डोळ्यांच्या जागी पांढरट काचेसारखे दोन खडे असतात. त्यांनी त्याला काही दिसत नाही. हवेतली ओल त्याला चेहऱ्यावर जाणवते आणि त्या ओलीच्या दिशेने ते चालते.

ज्येष्ठात त्याचे तळहात गुलाबी दिसू लागतात. हा तपशील मला लोणारने दिला. बुलढाणा जिल्ह्यातले ते उल्कापाताने झालेले खारे सरोवर २०२० च्या जून महिन्यात एकाएकी गुलाबी झाले होते आणि त्यामागे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव होते. ज्या मिठात काहीच जगू नये, त्यातही कोणी तरी जगते. खारमढ्याच्या तळहातांवर तेच जीव वाढतात, आणि अख्ख्या देहात खरोखर जिवंत असे काही असेल तर ते तेवढेच आहे.

वर्षभर ते काय करते?

त्याचे वर्ष मातीच्या वर्षाला बांधलेले आहे, म्हणून आधी माती समजून घ्यावी लागते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. हरभरा निघाला की वावरात बोटभर भेगा दिसू लागतात आणि वैशाखापर्यंत त्या इतक्या रुंदावतात की वासराचा पाय अडकावा. लहानपणी आमचा रबरी चेंडू अशा एका भेगेत गेला होता. भावाने तुराटी घातली, मग बैलगाडीची उभारी घातली, आणि तरी तळ लागला नाही. वरची भुरभुरी माती भेगांत पडते, पावसात सगळे फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते, म्हणून ही जमीन स्वतःलाच नांगरते असे म्हटले जाते. मृदाशास्त्रात अशा मातीला वर्टिसोल म्हणतात, आणि ते नाव उलथणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. याच उलथापालथीत खोलवरचे दगडही वर्षानुवर्षे थोडे थोडे वर सरकत राहतात.

खारमढेही त्या दगडासारखेच वर सरकते. पुरल्यावर कित्येक वर्षे ते नुसते पडून असते. या अवस्थेला खारथडीत ‘निजणे’ म्हणतात. माती त्याला दर पावसाळ्यात किंचित वर लोटते, आणि एका उन्हाळ्यात असे होते की भेगेचे टोक त्याच्यापर्यंत येऊन पोचते. त्या वर्षी ते ‘जागे’ होते. पावसाळाभर ते मिटलेल्या मातीत असते, कार्तिकात वरच्या मातीवर कोरडी साय धरू लागली तरी हलत नाही, आणि चैत्रात रात्री पहिल्यांदा हात बाहेर काढते. बाहेर राहते ते रात्रीपुरतेच. उन्हात त्याची कातडी तडकते, म्हणून तांबडे फुटायच्या आत ते परततेच, आणि नेहमी त्याच भेगेत परतते. वैशाखात ते गावाच्या शिवेपर्यंत येते. ज्येष्ठात, विहिरी तळाला लागल्या की, ते पांदणीने सरळ घरांपर्यंत येते, आणि खारथडीतल्या माझ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्याच दिवसांत घडतात.

पहिल्या पावसात ते विरघळून का जात नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण याचे उत्तर सापडेपर्यंत खारमढ्याची गोष्ट माझ्या हाती लागली नव्हती.

पाऊस गोडा असतो. देहभर पाऊस मिळाला तर मीठ धुऊन जाईल, देह मऊ होऊन मातीला मिळेल आणि त्याची सुटका होईल. पण मृगाची पहिली सर येण्याआधी वारा येतो, आणि दूर कुठे तरी पडलेल्या पावसाने उठलेला मातीचा वास त्या वाऱ्यावर येतो. खारमढ्याला ओलीचा वास तेवढा कळतो. तो आभाळातून येतो आहे हे त्याला कळत नाही. वास मातीचा आहे, म्हणजे पाणी मातीत आहे, असे समजून ते उलट फिरते आणि होता होईल तितक्या वेगाने आपल्या भेगेत उतरते. मग सर येते. सोडियम असलेली माती वरचे चार बोटे भिजली की चिकट होऊन मिटते, खाली पाणी झिरपू देत नाही, आणि पडलेला पाऊस वावरावरून वाहत नाल्याला आणि नाल्यातून नदीला जातो. ज्यांनी खारपाणात शेती केली आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. वर गुडघाभर चिखल आणि हातभर खाली कोरडी ढेकळे, हे त्यांनी पाहिलेले असते. चार महिने खारमढ्याच्या डोक्यावरून पाणी वाहत असते आणि त्याच्यापर्यंत एक थेंबही पोचत नाही.

कधी तरी एखादे भेगेपासून फार लांब, पांदणीच्या मुरमाड जागी सरीत सापडते. तिथे ते पडते आणि सुटते. सकाळी गुराख्याला रस्त्यात माणसाच्या आकाराचा पांढरा डाग दिसतो आणि तो गुरांना त्याच्या कडेने नेतो.

ते काय खाते, आणि माणसाला त्याच्यापासून धोका आहे का?

ते काहीही खात नाही आणि रक्त पीत नाही. पाणीसुद्धा त्याला पिता येत नाही, कारण तोंड मिठाने सांधलेले असते. रांजण सापडला की ते त्यात हात बुडवून उभे राहते. सकाळी रांजणातले पाणी खारे झालेले असते, आणि घरातल्या बाईला ते कळते चहा फाटल्यावर.

धोका आहे तो स्पर्शाचा. मीठ जशी कैरी सुकवते तसा त्याचा हात अंगाला लागला की अंगातले पाणी ओढले जाते. कातडी चरचरते, जीभ टाळूला चिकटते, डोळे खोल जातात. खारथडीतला उपाय आपल्या ओळखीचाच आहे, चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले पाणी घोटघोट पाजत राहायचे. दुभत्या जनावराला हात लागला तर दूध आटते. माणसे मरतात ती बहुधा झोपेत, अंगणात बाजेवर, उशाशी तांब्या भरून ठेवलेला असताना. ते तांब्यासाठी आलेले असते आणि अंधारात त्याचा हात आधी माणसाला लागतो.

त्याला नैसर्गिक शत्रू आहेत का?

आहेत, शेळ्या. गुरांना आणि शेळ्यांना खाराची ओढ असते आणि जिथे मातीवर खार फुलतो तिथे ती चाटत बसतात, हे कोणत्याही गुराख्याला माहीत आहे. खारथडीत शेळ्या पहाटे खारमढ्याच्या मागे लागतात. कळप मोठा असेल तर त्याचा एखादा हात सांध्यापर्यंत झिजतो. रोही, म्हणजे नीलगायी, सुद्धा हेच करतात, आणि माळावर एकटे राहिलेले जुने खारमढे बहुधा रोह्यांच्या जिभेनेच संपते. ज्या दिवशी शेळ्या आडावर नेहमीपेक्षा जास्त पाणी पितात, त्या रात्री खारथडीतले लोक बाजा घरात घेतात. कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत, कारण त्याला माणसाचाही वास नसतो आणि जनावराचाही नसतो.

उंबऱ्याला आंब लावतात ती कशासाठी?

आंब ही माझी कल्पना नाही. थंडीत हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव धरते, त्या आंबट पाण्याला आंब म्हणतात. माझी आजी पौषात पहाटे, उजाडायच्या आत, जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा घेऊन वावरात जाई आणि तो हरभऱ्यावरून हळूहळू ओढत नेई. एक ओळ झाली की फडके ओले होई. ते ती काचेच्या बरणीत पिळी आणि पुन्हा पुढची ओळ धरी. पाय आणि हात थंडीने बधिर होत आणि बोटांना आंब लागून कातडी पांढरी पडे. सकाळभराच्या कष्टांनी बरणीचा तळ तेवढा झाकला जाई. पोट दुखले की त्यातले थोडेसे पाण्यात घालून देत, आणि ते इतके आंबट असे की दात आंबत.

आंबेत आम्ल असते आणि खारमढ्याच्या अंगावरचा खार सोड्यासारखा असतो, म्हणून दोन्ही भेटले की फसफसते आणि सांध्यातले खडे सुटतात. खारथडीतल्या बायका पौष-माघात गोळा केलेली आंब बरणीत जपून ठेवतात आणि चैत्रापासून रोज तिन्हीसांजेला बोट बुडवून उंबऱ्यावर आणि रांजणाच्या कडेवर एक रेघ ओढतात. ज्या वर्षी हरभरा बुडतो त्या वर्षी आंब नसते. गोष्ट लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण खारथडीतल्या उन्हाळ्याचे संकट हिवाळ्यातच ठरते.

त्याला जाळता येते का?

नाही. मीठ जळत नाही. जाळ फक्त गडद पिवळा होतो, आणि गावभर कळते की कोणी तरी प्रयत्न करून पाहिला.

मुंजा, हडळ, वेताळ यांच्याशी त्याचे काय नाते आहे?

काहीच नाही. मुंजा पिंपळावर राहतो आणि सोडमुंज न होता मेलेल्या मुलाचा असतो. हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची मानतात. वेताळ तर भुतांचा राजा, आणि गावोगाव शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात त्याची पूजा होते. या सर्वांना बोलता येते, अडवता येते, काही तरी मागता येते. खारमढ्याला वाचा नाही. ओढूनताणून नाते लावायचेच तर ते मी लवणासुराशी लावीन. लोणारची कथा अशी की लवणासुर जमिनीखालच्या विवरात दडून राहत असे, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन त्या विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. लोणारमध्ये दैत्यसूदनाचे मंदिर आजही आहे. जमिनीखाली कोणी तरी खारा पडून आहे, ही भावना आमच्या भागात माझ्याही पुष्कळ आधीपासून आहे.

झाडीपट्टीत किंवा गोंदिया-भंडाऱ्याकडे खारमढे दाखवता येईल का?

कृपया दाखवू नये. तिकडे भाताच्या बांध्या आहेत, मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत, गोडे पाणी आहे. त्या भागाचा स्वतःचा जीव रचावा. त्याला तिथली जंगले आणि तळी खुणावतील.

अशा गोष्टींनी गावात अंधश्रद्धा वाढत नाही का?

ही शंका रास्त आहे आणि मी ती मनापासून घेते. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो करावा लागला यामागे किती माणसांचे, विशेषतः बायकांचे, हाल आहेत हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच खारथडीत काही गोष्टी मी जाणूनबुजून बंद ठेवल्या आहेत. खारमढे कोणाच्या करणीने उठत नाही, कोणाच्या अंगात येत नाही, आणि ते कोणावर सोडताही येत नाही. मांत्रिकाला तिथे काहीच काम नाही. जे घडते ते मीठ, माती आणि पाणी यांच्या नियमांनी घडते, आणि नियम कळला की आठ वर्षांची मुलगीही त्यावर उपाय करू शकते.

आजी आम्हांला सांगत असे, “भेगीत हात नोको घालू बापा, आत कोन बसलं हाय ते आपल्याले दिसत नाई.” आत साप किंवा विंचू असू शकत होता, आणि तो खरोखरच असे. शाळेत गोष्ट सांगते तेव्हा मी आधी हे सांगते, मग खारमढ्याचे सांगते, आणि शेवटी सर्पदंश झाला तर थेट दवाखाना गाठायचा हे मुलांकडून म्हणून घेते.

आमच्या गोष्टीत किंवा खेळात खारमढे वापरायचे असेल तर काय पाळावे?

वापरा, माझी हरकत नाही. एका गावाला एकच असू द्या. टोळ्या करून आणले की त्याची तहान दिसेनाशी होते आणि उरते ती नुसती मारामारी. त्याला बोलायला लावू नका. त्याची मूळ ओळख पटवून देणारे लॉकेट, अंगठी, गोंदण असले काही सापडू देऊ नका, कारण ते कोणाचे होते हे न कळणे हाच त्या दुःखाचा मोठा भाग आहे. तलवारीने त्याचे तुकडे होतील, पण तुकडे भेगेत पडले की पुढच्या उन्हाळ्यात तेच सांधून उठतील. त्याच्या विरुद्ध लढणाऱ्यांना शस्त्रांपेक्षा पाण्याचा हिशेब द्या: घरात किती घागरी आहेत, मृगाला किती दिवस आहेत, झिरा रात्रीतून किती भरतो. हा हिशेब माझ्या आईने दर उन्हाळ्यात केला आहे, आणि त्याहून जास्त धाकधुकीचा खेळ मला माहीत नाही.

आणखी एक सूचना जमिनीबद्दल. खारपाणाला शापित भूमी करू नका. जिप्सम घालून, हिरवळीच्या खतासाठी धैंचा गाडून, आणि पाणी मुरत नाही म्हणूनच चांगले टिकणारे शेततळे खणून लोक इथे पीक काढतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या मातीवर काम झाले आहे. मातीत जिप्सम घातले की त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते आणि गोड्या पाण्याने तो धुऊन जातो, हे समजल्यावरच खारमढ्याची सुटका कशी व्हावी ते मला उमगले.

ती सुटका होते कशी?

गोड्या पाण्याने. पण रांजणाने भागत नाही, आणि घागरी ओतून तर मुळीच नाही. तेवढ्याने फक्त हात झिजतात. सबंध देह बुडेल आणि रात्रभर बुडालेला राहील इतके पाणी लागते, आणि ज्येष्ठात एवढे गोडे पाणी गावच्या तळ्यातच असते. तळ्यात खारमढे उतरले की मृगापर्यंतचे पिण्याचे पाणी गेले. म्हणून त्याला तळ्यात घ्यायचे की नाही हे एका घराने ठरवायचे नसते. सगळे गाव पारावर बसते आणि बोलणे दोन-दोन रात्री चालते. काही गावे नाही म्हणतात. लहान मुले असलेली गावे बहुधा नाही म्हणतात, आणि खारथडीत त्यांना कोणी बोल लावत नाही.

जे गाव हो म्हणते ते पांदणीपासून तळ्यापर्यंत ओल्या फडक्यांची वाट घालते. कंदील विझवतात, गुरे आखरावरून हलवतात, शेळ्या घरात कोंडतात. ते येते, प्रत्येक फडक्यापाशी थांबते, वाकते, पुढे निघते. तळ्याच्या कडेला गावातली सर्वांत म्हातारी बाई वाटी घेऊन बसलेली असते. हाताला आंब लावून ती त्याचे सांधलेले ओठ बोटाने पुसते. थोडे फसफसते आणि तोंड जरासे उघडते. मग ती विचारते, “कोनाचा रे बापा तू?” उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक असते, तरी ती क्षणभर थांबते. त्यानंतर वाटी कलती करून ती चमचाभर पाणी त्याच्या तोंडात घालते, आणि हाताला धरून त्याला पाण्यात उतरवते.